मानमोडीत गेलेल्या सुना

उज्जैनला महाकाळेश्वराच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर ‘चोवीस खांबा’ नावाचा एक जुना दरवाजा आहे. तिथे महामाया आणि महालया या दोन देवींची स्थाने आहेत. आश्विन शुद्ध अष्टमीला, ऐन नवरात्रात, जिल्ह्याचे कलेक्टर तिथे जातात आणि देवीला मद्याचा नैवेद्य दाखवतात. मग मद्याची धार धरलेले मडके पुढे निघते आणि वाटेवरच्या देवी-भैरवांना पूजा पोचवत सुमारे २७ किलोमीटरची नगरफेरी पुरी होते. ही चाल राजा विक्रमादित्याने घातली असे उज्जैनकर सांगतात. विक्रमादित्यापाशी इतिहासाचा विद्यार्थी थोडा अडखळतो. पण पूजेचा हेतू स्वच्छ आहे. नगरावर महामारी येऊ नये.

साथीची देवता बाईच असते. आपल्याकडे मरीआई, जरीमरी, शीतला आहेत. कानडी मुलखात तर प्लेगसारख्या नव्या रोगाचीही ‘प्लेगम्मा’ झाली. साथ आणणारी बाई आणि आवरणारीही बाई. साथीने उचलून नेलेल्यांत बाया किती आणि पुरुष किती, हा हिशेब मात्र आपण सहसा मांडत नाही. शाळेत प्लेग शिकवायचा तो रँडच्या खुनाची पार्श्वभूमी म्हणून, आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने त्याहून कितीतरी थोड्या अवधीत प्लेगच्या तोडीची माणसे नेली तरी तो महायुद्धाच्या धड्यात हरवून जातो.

हा हिशेब माझ्यापुढे आला तो उज्जैनलाच, क्षिप्रेकाठी सिद्धवटावर. आमचे घराणे खानापूर तालुक्यातले. पण त्याची एक शाखा शिंद्यांच्या चाकरीत माळव्यात गेली होती. पणजोबांचे थोरले बंधू उज्जैनला ग्वाल्हेर दरबारच्या महसूल खात्यात कारकून होते. उज्जैन तेव्हा लहान गाव. १९०१ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या ३९,८९२ भरली होती. काही वर्षांपूर्वी पितृपक्षात चुलतभावाबरोबर मी तिथे गेलो. तीर्थोपाध्यायांनी गाव आणि आडनाव विचारले, लांबट वह्यांचा गठ्ठा सोडला आणि अर्ध्या तासात आमच्या घराण्याचे पान उघडून समोर ठेवले. या उपाध्यायांच्या वह्या म्हणजे आपल्या सामाजिक इतिहासाचे दफ्तरच आहे. इतिहास संशोधकांनी त्यांच्याकडे जितके पाहायला हवे तितके पाहिलेले नाही.

नोंद मोडीत होती, संवत १९७६ ची, म्हणजे १९१९ च्या भाद्रपदातली. आदल्या वर्षीच्या आश्विन-कार्तिकात घरातली पाच माणसे मानमोडीने गेली, त्यांचे श्राद्ध करण्यासाठी कारकूनआजोबा, त्यांचे दोन मुलगे आणि धाकटे भाऊ आले होते. आलेल्या पुरुषांची नावे बापांच्या नावांसह नीट लिहिलेली. गेलेल्यांत एक तान्हा मुलगा आणि चार बायका. त्यांपैकी नाव होते फक्त आईचे. बाकीच्या तिघी ‘कुटुंब’, ‘थोरली सून’ आणि ‘भावजय’. त्याच पानावर खाली दोन वर्षांनंतरची नोंद होती. तीत दोघा पुरुषांसमोर नवे ‘कुटुंब’ आलेले होते.

माझी आजी सांगत असे की त्या साथीत घरातले सगळेच अंथरुणाला खिळले होते, पुरुषसुद्धा. पुरुष उठले. बाया उठल्या नाहीत.

एका घरातल्या चार बायकांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळते. म्हणून परत आल्यावर त्या काळचे जे काही छापील मिळाले ते वाचत गेलो, आणि वाचता वाचता लक्षात आले की वहीतले पान अपवादाचे नव्हते.

मुंबईत १९१८ च्या जूनमध्ये गोदीवरचे काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले, तेव्हा कुणाला त्याचे फारसे काही वाटले नाही. पहिली लाट ओसरली. सप्टेंबरात दुसरी आली ती मारकी होती. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. रेल्वेच्या डब्यांतून रोग आत शिरला. महायुद्ध चालू होते, त्या वर्षीचा पाऊस फसला होता, धान्य महागले होते. मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसे गेली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात तर लोकसंख्येच्या मानाने सर्वांत जास्त प्राणहानी झाली. सगळ्या हिंदुस्थानाचा आकडा कुणी सव्वा कोटी धरतो, कुणी पावणेदोन कोटींच्या पुढे नेतो. आजच्या भारताच्या हद्दीपुरते पाहिले तर १९११ ते १९२१ हे एकच दशक असे आहे की ज्यात लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

या साथीने लहान मुले आणि म्हातारे यांच्यापेक्षा वीस ते चाळीस वर्षांच्या धडधाकट माणसांवर जास्त झडप घातली, हे जगभर दिसले. पण पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. अमेरिकेत त्या वयाचे पुरुष स्त्रियांपेक्षा अधिक मेले. हिंदुस्थानात उलट झाले. इथे त्या वयाच्या स्त्रिया अधिक मेल्या. त्या वेळचे आरोग्य खात्याचे अधिकारी आणि १९२१ चे शिरगणती अधिकारी यांनीही ते नमूद केले आहे. हिंदीतले महाकवी निराला यांची पत्नी मनोहरादेवी त्याच साथीत गेली. गांधीजींच्या घरात हरिलालची पत्नी गुलाब गेली आणि तिचा एक मुलगाही. विषाणू तोच, वर्ष तेच, वयही तेच. मग फासा अमेरिकेत एका बाजूला आणि आपल्याकडे दुसऱ्या बाजूला का पडला?

अमेरिकेपुरते एक उत्तर संशोधकांनी दिले आहे. तिथे तेव्हा क्षयाने ग्रासलेल्यांत पुरुष जास्त होते. आधीच पोखरलेली फुप्फुसे इन्फ्लुएन्झाने निकालात काढली. याचा पुरावाही चमत्कारिक आहे. साथीनंतरच्या वर्षांत तिथे क्षयाने मरणाऱ्या पुरुषांचे प्रमाण झपाट्याने उतरले, कारण जे क्षयाने पुढे मरायचे ते इन्फ्लुएन्झाने आधीच नेले होते.

आपल्याकडचे उत्तर दोन ठिकाणी शोधावे लागते, शरीरात आणि स्वयंपाकघरात.

शरीराचा भाग डॉक्टरमंडळींकडून समजून घेतला तो असा. स्त्रीची प्रतिकारशक्ती सर्वसाधारणपणे पुरुषाहून जागरूक असते. लस टोचली तर तिच्या रक्तात प्रतिद्रव्ये अधिक तयार होतात. प्रतिकाराची काही महत्त्वाची जनुके एक्स गुणसूत्रावर बसलेली आहेत. स्त्रीला ती दोन मिळतात, पुरुषाला एकच. त्या एकात खोट निघाली तर पुरुषाला दुसरा आधार नाही. २०२० मध्ये हॉलंडमध्ये दोन घरांतले चार तरुण पुरुष, दोन भावांच्या दोन जोड्या, कोरोनाने अत्यवस्थ झाले, तेव्हा तपासात अशाच एका जनुकातली खोट सापडली होती. म्हणजे निसर्गाने पारडे स्त्रीच्या बाजूला थोडे झुकते ठेवले आहे.

पण हे पारडे गरोदरपणात फिरते. पोटातला जीव निम्मा परक्याचा असतो. त्याला शरीराने शत्रू समजू नये म्हणून प्रतिकारशक्ती आपली चाल बदलते. त्यात हृदयावर भार वाढलेला आणि वर सरकलेल्या गर्भाशयाने छातीची जागा आखडलेली. अशा बाईच्या फुप्फुसात इन्फ्लुएन्झा उतरला की ती फार लवकर हरते. हॅरिस नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९१९ मध्ये १३५० गरोदर रुग्णांची माहिती जमवून छापली. त्यांतल्या शेकडा २७ दगावल्या होत्या आणि ज्यांना न्यूमोनिया झाला त्यांतल्या जवळजवळ निम्म्या. आता आपल्याकडची १९१८ सालची वीस ते चाळीस वर्षांची विवाहित बाई डोळ्यांसमोर आणावी. ती एक तर गरोदर असे, नाही तर अंगावर पाजत असे. १९१९ साली देशभर जन्मांची संख्या एकदम खाली आली. त्याला इतरही कारणे होती. पण ज्यांनी जन्म द्यायचा त्या आया आणि पोटातली मुले एकदमच गेली होती, हे एक कारण होतेच.

आपल्या भागाला याचे उदाहरण फार लांब शोधायला नको. १९८१ मध्ये कोल्हापुरात काविळीची मोठी साथ आली होती. माझ्या वयाच्या वाचकांना ती आठवत असेल. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तिचा अभ्यास केला. पिण्याच्या पाण्यातून पसरणारी ही कावीळ आज ‘हिपॅटायटिस ई’ या नावाने ओळखली जाते. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली, तीही हीच असल्याचे पुढे ठरले. साध्या माणसाला ही कावीळ काही आठवडे निजवते आणि सोडून देते. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर मात्र पाचांत एकीपर्यंत प्राणाशी गाठ पडते. ‘हिपॅटायटिस ए’ची कावीळही पाण्यातूनच येते, पण ती गरोदर बाईवर असा डाव धरत नाही. असे का, याचा पुरता उलगडा शास्त्राला अजून झालेला नाही.

आता स्वयंपाकघर. इन्फ्लुएन्झात माणसाला वाचवणारे औषध १९१८ मध्ये कुणापाशीच नव्हते. वाचवणारी गोष्ट एकच होती: पडून राहणे, आणि पडलेल्याला कुणीतरी वेळेवर पाणी आणि पेज देणे. पुरुषाला हे देणारी बाई घरात होती. बाई पडली की तिला देणारे कोण? घरातली दुसरी बाई, आणि तीही तापलेली. आजीच्या सांगण्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. थोरली सून अंगात ताप असताना उठून दळायला बसे, कारण सकाळी घरातल्या दहा माणसांना पेज लागे आणि पीठ-कण्या विकत मिळण्याची सोय नव्हती. जात्यापाशीच ती कलंडली. आजारी माणसाच्या सर्वांत जवळ तास न् तास बसणारीही तीच, म्हणजे रोगाची मात्राही तिलाच मोठी. शिवाय शेवटी उरलेले खाण्याची रीत. दुष्काळी वर्षात शेवटी काय उरते ते सांगायला नको. सरकारी अधिकाऱ्यांनी त्या वेळी ‘स्त्रियांवर पडणारा शुश्रूषेचा भार’ अशा सभ्य शब्दांत जे लिहिले, त्याचा उलगडा एवढाच आहे.

याच्या आधीच्या प्लेगातही तेच झाले होते, फक्त रोगाची वाट निराळी. प्लेग उंदरावरच्या पिसवेतून येतो, हे सायमंडने १८९८ मध्ये ओळखले आणि लिस्टन यांनी पुढे मुंबईच्या परळ प्रयोगशाळेत पक्के केले. उंदीर कुठे? धान्याच्या कणगीपाशी, चुलीमागे, माजघराच्या भिंतीत. दिवसभर त्याच जमिनीवर अनवाणी बसलेले कोण? पंजाबात प्लेगने पुरुषांपेक्षा स्त्रिया ठळकपणे जास्त मेल्या. १९११ च्या शिरगणतीचे प्रमुख गेट यांनी त्याचा विचार करताना हीच कारणे दिली: घरात राहणे, रोग्याची सेवा, आणि मयताभोवती जमून शोक करण्याची बायकांची रीत. आजच्या पंजाबच्या हद्दीत १९०१ मध्ये हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया होत्या, त्या १९११ मध्ये ७८० झाल्या. मुलगी नकोशी असण्याचा भाग यात आहेच, पण तो १९०१ मध्येही होता. मधल्या दहा वर्षांत भर पडली ती मुख्यतः प्लेग आणि हिवतापाची. पुण्यात सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या, त्या प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच. त्यांचे नाव इतिहासात राहिले. तसेच काम आपापल्या घरात करून गेलेल्या बाया किती, ते कोण सांगणार?

उलट छावणीची साथ असते. १८१७ च्या नोव्हेंबरात पेंढाऱ्यांवर निघालेल्या हेस्टिंग्जच्या फौजेत बुंदेलखंडात पटकी शिरली आणि थोड्या दिवसांत हजारो शिपाई आणि बाजारबुणगे गारद झाले. पुढच्याच महिन्यात, २१ डिसेंबरला, उज्जैनच्या उत्तरेला क्षिप्रेकाठी महिदपूरला होळकरांची इंग्रजांशी निर्णायक लढाई झाली. त्या काळच्या माळव्यात फौजा, तांडे आणि यात्रा यांच्याबरोबर रोग फिरत होता. तिथे पुरुष आधी सापडत. म्हणजे रोग कुणाला गाठतो हे पुष्कळदा तो कुठे वस्तीला उतरतो यावर ठरते. डोळ्यांच्या खुपऱ्यांचे पाहा. तो रोग लहान मुलांत खेळतो आणि मुलांचे डोळे पदराने पुसणाऱ्या आईकडे जातो. त्यातून अंध होणाऱ्यांत जगभर बायाच अधिक आहेत. भारतातून या रोगाचे सार्वजनिक संकट म्हणून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केले, ही त्यातली चांगली बातमी.

क्षयाचा इतिहास तर बाजू पालटणारा आहे. आनंदीबाई जोशी अमेरिकेहून डॉक्टर होऊन आल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, एकविसाव्या वर्षी, क्षयाने गेल्या. लँकेस्टर यांनी १९२० मध्ये हिंदुस्थानातल्या क्षयावर पुस्तक लिहिले, तेव्हा पडदा, अंधाऱ्या खोल्या आणि लवकरची बाळंतपणे यांमुळे शहरांतल्या तरुण बाया या रोगाला कशा बळी पडतात हा त्यांचा एक मुख्य मुद्दा होता. आज सर्वेक्षणांत क्षयाचे पुरुष रुग्ण स्त्रियांच्या दुपटीच्या घरात निघतात. विडी-सिगारेट, दारू, खाणी, गिरण्या, कोंदट कामाच्या जागा यांनी बाजू फिरवली. उज्जैनात वाढलेले, घरी मराठी बोलणारे आणि हिंदीत थोर ठरलेले कवी गजानन माधव मुक्तिबोध १९६४ मध्ये क्षयाच्याच मेंदूज्वराने गेले. ते अखंड विडी ओढत.

कोरोनाच्या वेळी मी वर्तमानपत्रांतले आकडे रोज एका वहीत उतरवून ठेवत होतो. त्यात हीच दुसरी बाजू दिसली. २०२० च्या उन्हाळ्यात केंद्रीय आरोग्य खात्याने सांगितले ते प्रमाण शंभर मृत्यूंत ६४ पुरुष आणि ३६ स्त्रिया असे होते. जगातही पुरुषच अधिक मरत होते, तेव्हा शरीराचा वाटा त्यात नक्की आहे. पण ६४ आणि ३६ हे सगळे शरीरावर टाकता येणार नाही. तपासणी कुणाची होते, दवाखान्यात कुणाला नेतात, खाट मिळवण्यासाठी कुणासाठी धावपळ होते? मृत्यूची नोंद कुणाची होते? आपल्या देशात मृत्यूच्या नोंदणीत बायकांचे मृत्यू पुरुषांच्या मानाने अधिक गळतात, कारण नोंद लागते ती जमीन, पेन्शन आणि विमा यांसाठी, आणि या तिन्ही गोष्टी बहुतेक पुरुषाच्या नावावर असतात. म्हणून साथीचा इतिहास लिहिणाऱ्याला ज्या कागदावर आकडे आहेत तो कागदही तपासावा लागतो. १९१८ चे स्त्रियांचे आकडे एवढी गळती गृहीत धरूनही वर राहतात, यावरून खरी हानी केवढी असेल याचा अंदाज करावा.

या हानीची खूण शिरगणतीत बराच काळ राहिली. देशात १९०१ मध्ये हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या. १९११ मध्ये ९६४, १९२१ मध्ये ९५५, १९३१ मध्ये ९५०. ही उतरण सगळी साथींची म्हणता येणार नाही. त्या काळात ज्या घरांत लग्ने झाली त्यांत बिजवरांची लग्ने किती होती, हे कुणी मोजले तर फार उपयोगाचे होईल. तिशी-पस्तिशीचे विधुर आणि बारा-तेरा वर्षांच्या मुली. आमच्या वहीतली १९२१ ची दोन ‘कुटुंबे’ अशीच आली असणार. त्यांच्या पदरात पहिलीची मुले होती. सावत्र आईच्या ज्या असंख्य गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या, त्या सांगणाऱ्या पिढीने खऱ्या सावत्र आया मोठ्या संख्येने पाहिलेल्या होत्या.

सिद्धवटावरून आल्यानंतर मी आमचा छापील कुलवृत्तांत काढून पाहिला. त्यात या सगळ्या पुरुषांसमोर ‘प्रथम पत्नी’ आणि पुढे नुसती आडवी रेघ आहे. अशा रेघा मोजल्या. १९१८ च्या आसपासच्या पिढीत त्या अकरा आहेत. नवी आवृत्ती काढायचे घाटते आहे, म्हणून नातेवाइकांना पत्रे लिहून मी नावे गोळा करू लागलो. वर्षभरात चार मिळाली. दोन एका म्हाताऱ्या आत्याच्या आठवणीतून, एक जमिनीच्या जुन्या खटल्याच्या कागदातून. चौथे थोरल्या सुनेचे, जी जात्यापाशी कलंडली तिचे. ते उज्जैनच्या चुलतभावाच्या माळ्यावरच्या पितळी कळशीवर निघाले. लग्नातल्या आहेराची कळशी, काठाखाली ठोकून घातलेले नाव. भावाने चिंच लावून घासली आणि फोटो पाठवला. पण ते माहेरचे नाव आहे. सासरी तिला कोणत्या नावाने हाक मारत, ते सांगणारे कुणी उरलेले नाही.